करवतीनं खाल्लेलं

मामांनी ठकीच्या हाताचं माप घेतलं, तेव्हा घरातली सगळी हसली होती.

"कोपर दुमड बघू," ते म्हणाले आणि ठकीनं शहाण्यासारखं दुमडलं. कोपराच्या खळीपासून तर्जनीच्या पेरापर्यंत त्यांनी आपली जाडजूड वीत ठेवली, उरलेल्या जागेत दोन बोटं बसवली आणि दाराकडे तोंड करून, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एक वीत, दोन बोटं! नेमबाजाची लेक आहे ही. तिला तिच्या मापाची बंदूक नको?"

ठकी गुदगुल्या झाल्यासारखी खिदळली. अप्पा हसले. समोरच्या दुकानातला न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलून हसला. ठकीची आईही हसली, कारण मामेसासरे विनोद करतात तेव्हा सुनेनं हसायचं असतं. हसला नाही तो फक्त ठकीचा बाबा. तो उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी बांधत होता. बांधलेली नाडी त्यानं सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतली.

मामा निघून गेल्यावर टेबलावर जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक बोचकं राहिलं. बंदुकीचा दस्ता.

या घरात असली बोचकी रोजचीच. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि दोन्हींच्या मधल्या दाराला कडी, ती ठकी रांगायला लागली तेव्हा बसवलेली. ठकीचे आजोबा, म्हणजे अप्पा, उभा जन्म एकच काम करत आले होते. बंदुकांचे लाकडी दस्ते आणि पिस्तुलांच्या मुठी साफ करायच्या, चिरा बुजवायच्या, तेल पाजून पुन्हा नव्यासारख्या करायच्या. कोणाच्या आजोबांची भिंतीवर टांगलेली, कोणाची नेमबाजीच्या क्लबातली, कोणाची कपाटामागे पडून वाळवीनं अर्धी केलेली. अप्पांचा एकच नियम होता आणि तो दारावर पाटी लावावी इतका पक्का होता. लोखंड उंबऱ्याच्या आत यायचं नाही. नळी, चाप, खटका, सगळं मालकानं आपल्या घरी ठेवायचं आणि नुसतं लाकूड इकडे आणायचं. "लोखंडाला भूक असते," अप्पा म्हणायचे, "लाकडाला नुसती तहान."

आता त्यांचे हात थरथरायला लागले होते. पेला ओठांपर्यंत जाईतो निम्मा चहा शर्टाला मिळायचा. म्हणून सुनेनं काम शिकून घेतलं होतं. ठकी पोटात होती तेव्हा टर्पेंटाइनच्या वासानं ती ओकून बेजार व्हायची. पुढे त्याच ठकीला मांडीवर निजवून, एका हातानं थोपटत, दुसऱ्या हातानं ती लाकडावर तेल जिरवायला शिकली. तेल आणि बाळ, दोन्ही एकाच तालात. घाई केली की दोन्ही रुसतात. "हात तुझे, डोळे माझे," अप्पा म्हणायचे. "अकलेची वाटणी नंतर बघू."

पण हे बोचकं सोडायला तिचा हात पुढे गेला नाही, कारण ती बंदूक कोणती हे तिला माहीत होतं.

ठकीच्या बाबाची आई तो अगदी लहान असताना गेली. बिनआईच्या पोराला मामांनी आपल्या फळबागेत नेलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. बागेच्या कुंपणापलीकडे दुसऱ्याची बाग होती आणि कुंपण कोणाच्या जमिनीत आहे यावरून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एके दिवशी बागेत बंदूक उडाली आणि कुंपणापलीकडचा मालक विहिरीजवळ मरून पडला. बंदूक पोराच्या हातात होती. छोटीशी, मुद्दाम पोरासाठी दस्ता कापून त्याच्या मापाची केलेली. पोर खेळत होतं, चाप ओढला गेला. सहा वर्षांच्या मुलाला कोण शिक्षा करणार? मामांनी धावपळ केली, साहेबांचे पाय धरले, पोराला कोणी हात लावू दिला नाही. हे सगळं लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी नवऱ्यानं तिला सांगितलं होतं, भिंतीकडे तोंड करून, एका दमात. शेवटी म्हणाला होता, "मामा नसते तर मी कुठे असतो, देव जाणे."

तेव्हापासून मामा त्याला 'नेमबाज' म्हणत. लाडानं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मोठ्यानं हाक मारली होती, "अरे नेमबाजाला वाढा!"

तो आता शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. दुसऱ्यांची पोरं दाराशी उतरली, आत गेली, दार लागलं, की मगच गियर टाकायचा. ठकीनं दोन बोटं पुढे करून "ठो!" केलं की तो ती बोटं आपल्या मुठीत घेऊन बंद करायचा. रागावायचा नाही, नुसती बंद करायचा.

आणि आता मामांना ती बंदूक पुन्हा लहान करून हवी होती. त्या प्रसंगानंतर अप्पांनी परत जोडलेला तुकडा काढून टाकायचा, जुना ओरखडा, खाचा सगळ्या घालवायच्या, आणि सुट्टी लागली की ठकीला घेऊन ते बागेत जाणार होते.

"पोरीला मोकळी हवा मिळेल," ते म्हणाले होते. "आणि या वेळी घाई नको हं सूनबाई. सगळं नीट होऊ दे."

या वेळी. तिनं ते शब्द तेव्हा कानाआड केले होते. मग मामा अप्पांशी बोलत बसले, की कुंपणापलीकडच्याचा मुलगा आता मोठा झालाय, शहरातून शिकून आलाय, मोजणीवाले आणतोय, बापासारखाच माजलाय. "बापाचीच गत व्हायची लक्षणं," असं म्हणून त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, आणि त्यानंतर ठकीला हाक मारून तिचं कोपर दुमडायला लावलं.

रात्री तिनं नवऱ्याला म्हटलं, "ठकीला नको पाठवायला."

"का?"

"मला नाही आवडत."

"मामांना काय सांगू? सुनेला नाही आवडत?" त्यानं पांघरूण ओढून घेतलं. "त्यांनी माझ्यासाठी काय केलंय तुला माहितीय. चार दिवस नात मागतायत फक्त."

दाखवायला कारण तिच्या हातात नव्हतं, नुसती भीती होती, आणि आईच्या भीतीला घरात कोणी पुरावा मानत नाही.

ठकी शाळेत गेली की तिचे दुकानातले तास सुरू व्हायचे. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी तिनं बोचकं सोडलं. त्याआधी तिनं त्याला टाळलं होतं; दुसऱ्या चार मुठी पॉलिश करून झाल्या, ब्रश धुऊन झाले, खिडकीची काचसुद्धा पुसून झाली.

अक्रोडाचं लाकूड, पण मळानं काळंठिक्कर पडलेलं. चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून ती पुसायला लागली. चिंधी काळी व्हायची, दुसरी घ्यायची, तीही काळी. हळूहळू खालून मधाच्या रंगाच्या रेषा दिसायला लागल्या. लाकूड चांगलं होतं. लाकूड बहुतेक वेळा चांगलंच असतं.

"खाचा किती आहेत?" अप्पांनी स्टुलावरून विचारलं.

"बारीकसारीक बऱ्याच. एक मोठा ओरखडा आहे, मागच्या टोकाशी."

"बारीक आधी घे. इस्त्री तापली का?"

ही गोष्ट तिला या कामात सगळ्यात आवडायची. लाकडाला मार लागून खड्डा पडला, तर ते तंतू तुटलेले नसतात, नुसते दबलेले असतात. ओली चिंधी ठेवायची, वर गरम इस्त्री टेकवायची, चर्र आवाज, वाफ, आणि खड्डा आपोआप वर येतो. ठकी पडली की कपाळाला टेंगूळ यायचं, ते फुंकर घालून, चोळून बसवायचं. इथे त्याच्या उलट. दबलेलं काही ना काही करून वर येतंच, फक्त ओल आणि ऊब लागते. तिनं एक खड्डा उठवला, दुसरा उठवला. मग ओली चिंधी मोठ्या ओरखड्यावर ठेवली आणि इस्त्री उचलली.

आणि तशीच हातात धरून थांबली.

ओरखडा बोटभर रुंद आणि चांगला लांब होता, तिरका. दगडाच्या कडेवर घासून पडल्यासारखा. तो मूळ दस्त्यावर सुरू होत होता, तुकड्याच्या जोडावरून जात होता आणि जोडलेल्या तुकड्यावर संपत होता. पण जोडावर तो मोडला होता. अलीकडची कड जिथे संपत होती तिथेच पलीकडची सुरू होत नव्हती. थोडी खाली सरकली होती, जिन्याच्या पायरीसारखी.

"अप्पा, हा ओरखडा तुम्ही तुकडा जोडलात तेव्हा होता?"

"होता म्हणजे? त्या मेल्यानंच तर माझी अब्रू घालवली!" अप्पा एकदम ताठ झाले. जुनी जखम. "मेहुणे तुकडा घेऊन आले होते, आता बंदूक मला मोठी करून द्या म्हणाले. माणूस कवडीचं काही टाकत नाही. कापलेला तुकडा अडगळीत जपून ठेवलेला. मी आतून खुंट्या घातल्या, असा सरस भरला, की नख जाऊ नये. रेषेला रेषा लावली. अगं, जोड कुठाय ते ब्रह्मदेवाला सापडला नसता. पण हा ओरखडा तिरका. इकडचं टोक वर, तिकडचं खाली. कितीही सरकवलं तरी जुळेना."

"का जुळेना?"

"करवतीनं खाल्लं ना मधलं! करवत चालली की भुसा पडतो, भुसा म्हणजे लाकूडच की. पात्याच्या जाडीएवढं लाकूड गेलं ते गेलं. सरळ रेघ असती तर कळलं नसतं, तिरकीला लगेच कळतं. कापलं होतं मेहुण्यांनीच, बागेत बसून. सुतारकाम कसलं, कसाबकाम."

इस्त्री जड झाली होती. तिनं ती उभी करून ठेवली.

"म्हणजे आधी ओरखडा पडला," ती हळू म्हणाली, "आणि मग कापलं."

"तर काय! नंतर पडला असता तर एकसंध गेला नसता का? हे तुला मी शिकवायचं आता? आणि खुंट्या म्हणशील तर त्या बाभळीच्या घातल्या होत्या, कारण..."

"अप्पा, हा ओरखडा कधी पडला म्हणतात मामा?"

"विहिरीच्या काठावर. त्या दिवशी. पोराच्या हातून बंदूक सुटली आणि..." अप्पा बोलत होते. "कारण बाभूळ कशी, ओल धरत नाही... सरस चांगला होता तेव्हा... आत्तासारखा..." बैल सोडल्यावर उतारावरची गाडी जराशी पुढे जाते आणि थांबते, तसे त्यांचे शब्द थांबले.

त्या दिवशी बंदूक जर लहान होती, तर हा तुकडा तिला नव्हताच. अडगळीत पडलेला होता. मग विहिरीच्या दगडाचा ओरखडा तुकड्यावर कसा?

समोर न्हावी कात्री वाजवत होता. अप्पांनी हात पुढे केला, तिनं दस्ता त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी त्या पायरीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. आयुष्यभर त्यांना या जागेची लाज वाटली होती, ती काम कमी पडल्याची. नजर पारखी होती, पण तिनं फक्त जोड पाहिला होता.

"माझ्या पोराला हे उचलता तरी आलं असतं का गं?" शेवटी ते म्हणाले. "अख्खी बंदूक?"

आणि त्यांनी दस्ता तिच्याकडे सरकवला.

ठकीचा बाबा संध्याकाळी आला. ठकी शेजारणीकडे खेळायला गेली होती. तिची छोटी बॅग त्यानं सकाळीच भरून दाराशी ठेवली होती, वर तिची टोपी. ओट्यावर दस्ता बघून तो दारातच थबकला.

"हे आत कशाला आणलंस?"

"बसा."

"आधी ते उचल."

तिनं उचललं नाही. ठकीच्या चित्रकलेच्या वहीतलं एक पान फाडलं, त्यावर पेनानं एक जाड तिरकी रेघ मारली आणि कात्री त्याच्या हातात दिली. "या रेघेच्या मधून एक पट्टी कापा. बारीक. दोरीएवढी."

"काय चाललंय तुझं?"

"कापा हो."

त्यानं कापली. पट्टी जमिनीवर पडली. "आता उरलेले दोन तुकडे एकमेकांना लावा." त्यानं लावले. रेघ मोडली होती. एक पायरी खाली.

मग तिनं दस्ता जवळ ओढला आणि त्या जागेवर बोट ठेवलं.

व्हॅन रोज चिंचोळ्या गल्ल्यांतून काढणारा माणूस. मोजमाप त्याला समजावून सांगावं लागत नव्हतं. तो कागदाकडे बघायचा, मग लाकडाकडे, मग पुन्हा कागदाकडे.

"पण माझ्या हातात होती," तो म्हणाला. "मला आठवतंय. छोटी. माझ्या मापाची."

"हातात कधी आली?"

"खेळत होतो."

"हे मामा सांगतात. तुम्हाला काय आठवतं?"

तो कुकरच्या शिटीनं दचकला. मग बोलायला लागला, तर त्याचा आवाज ठकीसारखा बारीक झाला होता. "मला ताप होता. आत झोपलो होतो. आवाज झाला तो झोपेत ऐकला. मग खर्र खर्र असं काहीतरी, कितीतरी वेळ. मग मामांनी उठवलं, अंगणात नेलं, हातात दिली. म्हणाले, 'काय केलंस रे हे?'" तो तिच्याकडे बघत होता, पण तिला बघत नव्हता. "मी रडलो. म्हटलं, चुकलं."

तिनं त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं, जसं ठकीचं धरायची. केसांना डिझेलचा आणि लहान मुलांच्या खाऊचा वास होता.

"ते खर्र खर्र," तो तिच्या पदरात म्हणाला, "मला वाटायचं, तो माणूस मरताना..."

"नाही हो. करवत होती ती."

थोड्या वेळानं त्यानं तोंड पुसलं. दाराशी ठेवलेली बॅग उचलली, टोपी काढली, फ्रॉक एकेक करून पुन्हा कपाटात ठेवले. "उद्या सुट्टीचा पहिला दिवस," तो म्हणाला, "पण सकाळी क्लबात पोहायला जाणाऱ्या पोरांची एक फेरी आहे. ती सोडून लगेच येतो. मामा दुपारी येणार. मी सांगतो त्यांना."

पण मामा दुपारी आले नाहीत. सकाळीच आले.

ती मागच्या खोलीत ठकीचे कपडे वाळत घालत होती. जीपचा आवाज आला, मग ठकीचं किंचाळून हसणं आलं, आणि ती ओल्या हातांनी दुकानात धावली. ठकी जीपमध्ये बसली होती. पुढच्या सीटवर. मांडीत तपकिरी कुत्र्याचं पिल्लू. इंजिन चालूच होतं आणि मामांचा हात दारावर होता.

"आई, हे माझंय! मामाआजोबा म्हणाले बागेत याचे भाऊ पण आहेत!"

"लवकर आलो सूनबाई," मामा म्हणाले. "ऊन चढायच्या आत पोचू. झालं का काम? लाकूड द्या, निघतो."

ओरडावं तर जीप निघून जायला एक क्षण पुरे. नवरा यायला अवकाश होता. अप्पा स्टुलावरून उठायची धडपड करत होते. तिनं पदराला हात पुसले, आणि ते पुसता पुसताच तिला सुचलं.

"मामा, शेवटचं कापायचं तेवढं राहिलंय. माप घ्यायचंय."

"माप मी घेतलंय की. एक वीत, दोन बोटं."

"त्याला किती दिवस झाले. पोरं काय थांबतात का वाढायची? कापलं की लाकूड परत लांब होत नाही हो."

"जोडता येतं."

"जोडलं की दिसतं." तिनं हसून दाखवलं. हसू चेहऱ्यावर नीट बसलं की नाही तिला कळलं नाही. "तुम्हीच म्हणालात ना, या वेळी घाई नको."

मामा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी समोर पाहिलं. न्हावी दुकानाची फळी उघडत होता आणि कान इकडेच होते. "ऐकलंस का रे," मामा त्याला म्हणाले, "एवढीशी पोर, पण बंदूक अगदी मापाची पाहिजे!"

"घ्या की माप," न्हावी म्हणाला. "मी काय, केसांचंच घेतो."

मामांनी दारावरचा हात काढला. तिनं ठकीला पिल्लासकट कडेवर उचललं. ठकी आता कडेवर घेण्याएवढी लहान राहिली नव्हती, पाय लोंबत होते, पण तिला ते ओझं पिसासारखं लागलं. दुकान ओलांडलं, मधलं दार, आत. "पिल्लाला दूध दे, मी आलेच." दार ओढलं आणि कडी घातली. रांगणाऱ्या बाळासाठी बसवलेली कडी.

वळली तेव्हा मामा दुकानात उभे होते. त्यांच्या पुढ्यात टेबलावर दस्ता. रात्री अप्पांनी सुनेला बसवून तो पूर्ण करून घेतला होता; तेल पाजून, चोळून, लखलखीत. कापला नव्हता. आणि ओरखड्याला हात लावला नव्हता. उजळलेल्या लाकडात तो काळ्या गंधासारखा उठून दिसत होता, आणि मधली पायरीसुद्धा.

"हे काय? खाच तशीच?"

"वाफेनं दबलेलं वर येतं, मेहुणे," अप्पा म्हणाले. "करवतीनं खाल्लेलं येत नाही."

मामांनी आपला अंगठा त्या पायरीवर ठेवला. बाहेर जीपचं इंजिन धडधडत होतं.

"दाजी," ते शेवटी म्हणाले, "म्हातारे झालात. लाकूड बघता बघता लाकडं मसणात जायची वेळ आली." आणि दस्ता उचलायला गेले.

तिनं त्यावर दोन्ही हात ठेवले. तेलाचे, मळलेल्या नखांचे, साधे हात. "ह्यांना येऊ द्या. त्यांच्याच हातात देणार."

"सूनबाई, बाजूला हो."

"नाही मामा."

त्यांनी आवाज चढवला नाही. मनगट धरलं, नुसतं धरलं, आणि त्या पकडीत किती जोर शिल्लक आहे ते तिला कळू दिलं. आतून ठकी पिल्लाला दरडावत होती, "शहाण्यासारखं पी."

व्हॅन थांबल्याचा आवाज झाला. ठकीचा बाबा उंबऱ्यात आला. बायकोचं मनगट त्यानं पाहिलं.

"काय रे नेमबाज," मामा मनगट सोडून हसले, "बायको फार शहाणी मिळाली तुला."

त्यानं टेबलावरून दस्ता उचलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वजन जोखल्यासारखा दोन्ही हातांत धरला, आणि मग, दाराकडे तोंड करून, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मला नेमबाज म्हणायचं नाही. मला ताप होता. मी झोपलो होतो. तुम्ही करवत चालवत होता."

न्हाव्याची फळी हातातच राहिली.

मामांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही. फक्त त्याच्यामागे कोणी राहिलं नाही. उंबरा ओलांडताना त्यांनी मागे वळून पाहिलं, अप्पांकडे नाही, भाच्याकडे नाही, मधल्या दाराच्या कडीकडे.

"लाकूड ठेव रे तुला," ते म्हणाले. "लोखंड माझ्याकडे आहे. त्याला दुसरं कुठलंही लाकूड बसतं."

ते जीपमध्ये जाऊन बसले आणि त्यांनी इंजिन बंद केलं. गेले नाहीत. नुसते बसून राहिले, हात चाकावर ठेवून.

"मी चौकीवर जातो," ठकीचा बाबा म्हणाला. "आणि कुंपणापलीकडच्या त्या मुलालाही आजच सांगायला हवं."

"मागच्या दारानं जा."

"नाही. सगळ्यांदेखत घेतलं होतं ना माप?" त्यानं दस्ता उघडाच खांद्यावर घेतला, लाकूड उन्हात चमकलं, आणि तो जीपच्या अगदी समोरून चालू लागला. न्हाव्यानं फळी भिंतीला टेकवली, वस्तरा खिशात टाकला, दुकान तसंच उघडं सोडलं आणि चपला फरफटवत त्याच्या मागे निघाला. "थांब रे," म्हणाला, "एकटा कुठे जातोस."

तिनं पुढचं दार लावलं. अडसर घातला. मग आत गेली. अप्पा भिंतीला धरत तिच्या मागे आले.

ठकी जमिनीवर बसली होती, दूध सांडलं होतं. "आई, माप घ्यायचं ना?" तिनं विचारलं आणि शहाण्यासारखं कोपर दुमडलं.

आईनं ते दुमडलेलं कोपर तळहातात घेतलं. एवढंसं. अजून बाळाचीच वळी होती तिथे.

बाहेर जीप सुरू झाली. तिनं कान देऊन ऐकलं. चाकांखाली खडी करकरली, गियर पडला, आणि आवाज निघाला. बागेच्या वाटेला की चौकीच्या, ते बंद दाराआडून तिला काही केल्या कळेना.